महागडा सँडर घ्यावा का? गोंदियाच्या फर्निचर कारखान्यासाठी मशीन, धूळ आणि पैशांचा हिशेब

गोंदियात ‘पॉलिश’ म्हटले की आधी तांदूळ आठवतो. राइस मिलच्या या गावात ते साहजिकच आहे. फर्निचर मार्टात मात्र पॉलिश म्हणजे लाकडाचे, आणि त्याच्या आधी येते ते घासकाम. सागवानी दिवाण किंवा आंदणात द्यायचे कपाट तयार व्हायला लागतो त्यातला मोठा वेळ घासण्यातच जातो. जोडणी कितीही चांगली असली तरी घासकाम कच्चे राहिले, तर पॉलिशचा पहिला हात फिरताच सगळे ओरखडे वर येतात आणि गिऱ्हाईक बोट ठेवते.

हे काम जिल्ह्यातल्या बहुतेक कारखान्यांत तीन पद्धतींनी होते. लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून हाताने, अँगल ग्राइंडरला घासायची चकती लावून, किंवा पाच-दहा हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या पाच इंची सँडरने. आता मोबाइलवर रील्स पाहून चौथा पर्याय डोक्यात आला आहे: फेस्टूल, मिर्का अशा कंपन्यांचे सँडर. साध्या मशिनीपेक्षा ते कित्येक पटींनी महाग असतात. दिसायला मात्र तेही हातात मावणारे, गोल पॅडचे मशीनच. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे, आणि ते कोणी द्यावेत?

उत्तर आधीच सांगायचे तर, हे पैसे मुख्यतः दोन गोष्टींचे असतात. मशीन दिवसाचे किती तास चालवता येते, आणि त्यातून उडणारी धूळ कुठे जाते. ज्या कारखान्यात रोज तीन-चार तास घासकाम चालते तिथे महागडा सँडर पैसे फेडतो. जिथे दिवसाला तासभरच काम आहे तिथे मधल्या किमतीचा सँडर आणि धूळ ओढणारा चांगला व्हॅक्यूम ही जोडी जास्त शहाणपणाची.

आधी ग्राइंडर बाजूला ठेवा

अँगल ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे मारतो आणि चकती एकाच जागी गोल फिरते. लोखंडाला ते ठीक. लाकडावर मात्र त्याने अर्धचंद्रासारखे खोल ओरखडे पडतात, खड्डे पडतात, सागवान जळून काळे होते. ते डाग काढायला पुन्हा हाताने घासावे लागते, म्हणजे वाचवलेला वेळ परत जातो. शिवाय ग्राइंडरची सगळी धूळ थेट तोंडावर येते, ती ओढून घ्यायची सोय त्यात मुळातच नसते.

सँडर वेगळा चालतो. ‘रँडम ऑर्बिटल’ प्रकारात पॅडला दोन गती असतात. मोटर पॅडला अगदी छोट्या वर्तुळात हलवते, आणि त्याच वेळी पॅड स्वतःभोवती मोकळा फिरतो. दोन्ही गती एकमेकींत मिसळल्याने पेपरचा एकच दाणा त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जात नाही. म्हणून ओरखडे बारीक आणि विखुरलेले पडतात, आणि लाकडाच्या उभ्या-आडव्या रेषांची फारशी चिंता करावी लागत नाही. दाराच्या चौकटीत उभी आणि आडवी पट्टी जिथे मिळते तिथे याचा फायदा लगेच दिसतो.

त्यातून एक सवय मोडावी लागते. ग्राइंडर वापरलेला हात सँडरही दाबून धरतो. दाबले की पॅडचे मोकळे फिरणे थांबते, उरते फक्त छोटे वर्तुळ, आणि लाकडावर डुकराच्या शेपटीसारखे वळणदार ओरखडे उमटतात. हाताचे आणि मशिनीचे नुसते वजन पुरते. हात सावकाश सरकवायचा, सेकंदाला साधारण इंचभर. महाग मशीन आणून जुन्याच सवयीने दाबले तर निकाल स्वस्त मशिनीसारखाच येतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

डब्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा

गिऱ्हाईक वॅट बघते. त्याआधी बघायला हवा तो ऑर्बिट, म्हणजे पॅड ज्या वर्तुळात हलतो त्याचा व्यास. अडीच-तीन मिलिमीटरचा ऑर्बिट शेवटच्या सफाईसाठी आणि पॉलिशच्या दोन हातांमधल्या हलक्या घासणीसाठी. पाच मिलिमीटरचा रोजच्या कामासाठी. आठ मिलिमीटरचा भरपूर लाकूड काढण्यासाठी. कारखान्यात एकच चांगला सँडर घ्यायचा असेल आणि काम मुख्यतः भरीव सागवानाचे असेल, तर पाच मिलिमीटर घ्यावा. प्लायवर व्हिनिअर चिकटवण्याचे काम जास्त असेल तर तीन. सजावटीच्या व्हिनिअरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि जोरकस मशीन काठावर दोन सेकंद जास्त थांबले की खालचा प्लाय दिसू लागतो. तिथे दुरुस्ती नाही, अख्खा पत्रा बदलावा लागतो.

दुसरा आकडा पॅडचा. पाच इंची म्हणजे १२५ मिलिमीटर, सहा इंची म्हणजे १५०. ऐकायला फरक एका इंचाचा, पण क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. टेबलाची पाटी, पलंगाची डोकेबाजू, दार अशा रुंद कामाला सहा इंची बरे. खुर्चीचे पाय, देव्हाऱ्याच्या पट्ट्या, अरुंद चौकटी यांना पाच इंची हातात बसते.

नावे आणि आकडे

फेस्टूल ही १९२५ साली सुरू झालेली जर्मन कंपनी. तिचा ईटीएस ईसी १५० हा सँडर ४०० वॅटचा आणि सुमारे सव्वा किलो वजनाचा. नावापुढच्या तिरप्या रेषेनंतरचा आकडा ऑर्बिटचा: १५०/३ म्हणजे तीन मिलिमीटर, १५०/५ म्हणजे पाच. मिर्का ही १९४३ पासूनची फिनलंडची कंपनी, मुळात पॉलिश पेपर बनवणारी. तिचा डेरॉस ३५० वॅटचा आणि साधारण एक किलोचा. तिथेही नाव वाचता येते. ६५० मधला ६ म्हणजे सहा इंची पॅड आणि ५० म्हणजे ५ मिलिमीटर ऑर्बिट. ६२५ घेतला तर अडीच.

या दोन्हींत ब्रशलेस मोटर आहे. साध्या मोटरीत कार्बन ब्रश घासत असतात, ते झिजतात, आणि मोटर उंच होते. ब्रशलेस मोटर चपटी करता येते, म्हणून ही मशिने जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर उंचीची आहेत. हात लाकडाच्या जवळ राहतो, मशीन डुलत नाही, मनगट दुखत नाही. उभ्या दारावर किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला तासभर काम केले की हा फरक कळतो.

फेस्टूलचाच रोटेक्स आरओ १५० वेगळ्या जातीचा. ७२० वॅट, दोन किलो तीनशे ग्रॅम. यात एक खटका फिरवला की पॅड दात्यांच्या जोरावर सक्तीने फिरतो आणि लाकूड भराभर निघते. खटका परत फिरवला की साधा सँडर. जुना रंग काढणे, रंध्याचे खड्डे सपाट करणे याला तो उत्तम. मात्र जड आहे, नवख्या हातातून निसटतो, आणि दिवसभराच्या सफाईला थकवतो. ग्राइंडरची सवय असलेल्या कारागिराला पहिल्या दिवशी हाच आवडतो, तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये.

मधल्या फळीत बॉशचा जीईएक्स १२५-१ एई (२५० वॅट, अडीच मिलिमीटर ऑर्बिट) आणि मकिताचा बीओ ५०३१ (३०० वॅट, २.८ मिलिमीटर) हे दोन्ही पाच इंची. दोन्हींत वेग कमी-जास्त करता येतो, वजन सव्वा किलोच्या आसपास. सफाईला ही मशिने खरोखर चांगली आहेत. लाकूड काढायला हळू, कारण ऑर्बिट लहान. त्याच कंपन्यांकडे सहा इंची, मोठ्या ऑर्बिटची, ताकदवान मशिनेही आहेत, उदाहरणार्थ बॉशचा ६०० वॅटचा जीईएक्स १५० टर्बो. पण तो वजनाने जवळपास दुप्पट. हलके आणि ताकदवान दोन्ही एकत्र हवे असेल तिथूनच किंमत वर चढते.

हवेवर चालणारे सँडरही मिळतात, आणि मोटार गॅरेजमध्ये पाहून अनेकांना ते स्वस्त वाटतात. मशीन स्वस्त असतेच. पण असा सँडर मिनिटाला साधारण ४०० ते ५०० लिटर हवा खातो, आणि ती सतत द्यायला चार-पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर लागतो. रंगाच्या फवाऱ्यासाठी घेतलेला एक-दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर दोन मिनिटांत धापा टाकतो. जे काम ३५० वॅटचे विजेचे मशीन करते त्यासाठी तीन-साडेतीन किलोवॅट जाळायचे, असा हा सौदा आहे.

धूळ: खरा खर्च इथे लपलेला असतो

लाकडाचा भुसा आणि सँडरची धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करवतीचा भुसा जड असतो, खाली पडतो, झाडून काढता येतो. सँडरची बारीक भुकटी तासन् तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. सकाळी कवाडातून ऊन आत आले की त्या तिरिपीत जे नाचताना दिसते त्यातही दिसतात ते मोठे कण. सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत.

ब्रिटनमध्ये हाय विकम नावाचे खुर्च्या बनवणाऱ्यांचे गाव आहे. तिथल्या कान-नाक-घसा सर्जन डॉ. हॅडफील्ड यांना १९६० च्या दशकात दिसले, की नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांतून येत आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. तंबाखूचा धूरही याच गटात आहे. याचा अर्थ दोन्ही सारखेच घातक असा नव्हे. पुरावा दोन्हीकडे पक्का आहे एवढाच. हा कर्करोग दुर्मीळ आहे. पण वाहते नाक, दम लागणे, त्वचेला खाज, डोळ्यांची जळजळ या तक्रारी कोणत्याही कारखान्यात विचारल्या तरी सापडतील.

इथल्या लाकडांचा त्यात वाटा आहे. सागवानाच्या धुळीने काहींच्या हाताला, मानेला पुरळ येतो. शिसवीच्या जातीतल्या लाकडांनीही येतो. बिजा तर धूळच नव्हे, घामालाही रंग देतो. याच बिजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी रंग बदलते आणि ते मधुमेहावर प्यायची पद्धत आहे. तो रंग घामट कपड्यावर चढला की सहजी निघत नाही, आणि शेजारी ठेवलेल्या फिक्या लाकडावर बिजाची ओली भुकटी बसली तर डाग पडतो.

महागडे सँडर इथे पुढे जातात. त्यांच्या पॅडला बरीच छिद्रे असतात, मोटरभोवतीचा मार्ग धूळ ओढण्यासाठी आखलेला असतो, आणि मिर्काचा जाळीचा पेपर तर चाळणीसारखा असल्याने पूर्ण पृष्ठभागातून धूळ खेचली जाते. धूळ लगेच निघून गेल्याने पेपर भरत नाही, म्हणून तो जास्त टिकतो आणि ओरखडेही कमी पडतात. पण हे सारे नळी लावली तरच. मशिनीमागच्या छोट्या पिशवीवर विसंबून चालवलेला पन्नास हजारांचा सँडर कारखान्यात धूळ उडवतोच.

व्हॅक्यूम घेताना त्यावरचा वर्ग बघावा. युरोपच्या मानकात ‘एल’ वर्ग ९९ टक्के धूळ अडवतो आणि ‘एम’ वर्ग ९९.९ टक्के. आकडे जवळचे वाटतात. पण एकात शंभरातला एक भाग परत हवेत येतो आणि दुसऱ्यात हजारातला एक, म्हणजे दहापट फरक. लाकडाच्या कारखान्याला एम वर्ग हवा. घरगुती व्हॅक्यूम काही आठवड्यांत गळाठतो, कारण त्याचा फिल्टर या भुकटीसाठी बनलेला नसतो. पिशव्यांचा खर्च वाचवायचा असेल तर मध्ये झाकणाचा ड्रम आणि चक्राकार विभाजक बसवावा. बहुतेक धूळ ड्रममध्येच पडते. मास्क मात्र सुटत नाही. घासणारा आणि शेजारी उभा राहणारा, दोघांनाही चांगल्या बसणाऱ्या एन-९५ची गरज असते. रुमाल बांधल्याने फक्त मोठा भुसा अडतो.

जुन्या वाड्यांची दारे, खिडक्या, झोपाळे पुन्हा नवे करण्याचे काम अनेक कारखाने घेतात. तिथे वेगळा धोका आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरडा घासला की शिशाची भुकटी होते, आणि कारखाना घराला लागून असेल तर ती अंगणात खेळणाऱ्या मुलांपर्यंत जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे अपाय करते. असा रंग रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडावा. त्यावर सँडर, महाग किंवा स्वस्त, चालवू नये. जुन्या दारात खिळेही राहिलेले असतात. पेपर खिळ्यावर घासून उडालेली ठिणगी नळीतून थेट भुकटीच्या पिशवीत जाते, आणि अशी पिशवी रात्री बंद कारखान्यात धुमसते.

सागवान, पेपर आणि पावसाळा

विदर्भाच्या सागवानाचे नाव मोठे आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतूनच लाकूड गेले. पण घासणाऱ्याला त्याच सागवानाचे दोन गुण त्रास देतात. त्यात तेल असते, ते पेपरला चिकटून दाणे बुजवते. आणि त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, त्याने दाणे बोथट होतात. त्यामुळे सागवानाला पांढरट लेप असलेला, न भरणारा पेपर घ्यावा, आणि पेपर बोथट झाला की लगेच बदलावा. पेपर पुरवून वापरण्याची सवय इथे खरी महागात पडते. बोथट पेपर लाकूड कापत नाही, नुसते घासून गरम करतो, आणि त्या चकचकीत झालेल्या जागेवर पॉलिश नीट मुरत नाही.

नंबरांचा क्रम साधारण ८०, १२०, १८०, २४० असा. रंध्याने चांगले सपाट केलेल्या लाकडाला १२० पासून सुरुवात पुरते. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. अंधारात मोबाइलचा टॉर्च लाकडाला चिकटवून आडवा धरला की ते लगेच दिसतात, पॉलिश करण्याआधी प्रत्येक पाटी अशी तपासावी.

पेपर विकत घेताना छिद्रांची रचना मशिनीशी जुळते का हे बघणे फार महत्त्वाचे. प्रत्येक कंपनीच्या पॅडवर छिद्रे वेगळ्या जागी असतात. महागडा सँडर आणला आणि त्याच्या छिद्रांचा पेपर गोंदियात मिळाला नाही, तर कारागीर दुकानात मिळेल तो लावतो, छिद्रे बुजतात आणि धूळ ओढणे संपते. जाळीच्या पेपरला ही अडचण नाही, तो कोणत्याही पॅडवर चालतो. फक्त पॅड आणि जाळी यांच्यामध्ये पातळ संरक्षक पॅड लावावा, नाहीतर मूळ पॅडचे हुक झिजतात.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतची दमट हवा पेपरला मानवत नाही. कागदी पाठीचा पेपर वाकतो, चिकटत नाही. बंद डब्यात सपाट ठेवावा. उन्हाळ्यात उलटा त्रास. ४४-४५ अंशांच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये आधीच तापलेला पॅड काठावर दाबून धरला की हुक वितळतात आणि पेपर उडून जातो. सर्वांत जास्त बदलावा लागणारा भाग पॅडच असतो. मशिनीबरोबर एक जादा पॅड घेऊन ठेवणे बरे.

वीज

सँडर स्वतः फार वीज खात नाही. ४०० वॅटचे मशीन आणि १,२०० वॅटचा व्हॅक्यूम मिळून १,६०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे सात अँपिअर. चांगल्या व्हॅक्यूमवर सँडर जोडायचा सॉकेट असतो, मशीन चालू केले की व्हॅक्यूम आपोआप चालू होतो. सोय उत्तम, पण मग दोन्हींचा भार एकाच प्लगवर येतो आणि घरगुती सहा अँपिअरचा सॉकेट तापतो. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. अर्थिंग नसेल तर कोरड्या दिवसांत नळीत साठलेली स्थिर वीज हाताला झटके देते.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या गावांत व्होल्टेज खाली-वर होण्याची तक्रार नवी नाही. साधी मोटर कमी व्होल्टेजला मंदावते आणि चालत राहते. ब्रशलेस मशिनीतले इलेक्ट्रॉनिक्स वेग टिकवते, मात्र अचानक आलेल्या जास्त व्होल्टेजने कार्ड जळले तर दुरुस्ती गावात होत नाही. म्हणून अशा मशिनीआधी चांगल्या प्रतीचा स्टॅबिलायझर आणि सर्ज संरक्षण हा खर्च धरूनच किंमत मोजावी. स्वस्त जनरेटरवर ती चालवू नयेत.

वीज जाते म्हणून बॅटरीचा सँडर घ्यावा का? १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास साठतात. मशीन २०० वॅट घेत असेल तर अर्धा तासही निघत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दाराचा कोपरा साफ करायला ठीक, कारखान्याच्या रोजच्या कामाला नाही.

पैशांचा हिशेब

समजा दोन मशिनींच्या किमतीत ४० हजारांचा फरक आहे, कारागिराचा तास १०० रुपयांचा पडतो, आणि चांगल्या मशिनीने घासण्याचा वेळ पाचव्या हिश्शाने वाचतो. रोज चार तास घासकाम आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १०० तास झाले. वाचले २० तास, म्हणजे २,००० रुपये. ४० हजार वीस महिन्यांत फिटतात. तेच काम रोज एक तास असेल तर महिन्याला ५०० रुपये वाचतात, आणि फेडायला ८० महिने, साडेसहा वर्षांहून जास्त लागतात. आकडे ज्याचे त्याने बदलून पाहावेत. त्यासाठी आधी एक आठवडा वहीत रोजचे घासण्याचे तास लिहून काढावेत. बहुतेकांचा अंदाज चुकतो, कधी वर, कधी खाली.

या हिशेबात न धरलेली एक गोष्ट म्हणजे हात. मशिनीच्या कंपनाने वर्षानुवर्षांनी बोटे बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. युरोपच्या कायद्यात आठ तासांच्या कामासाठी कंपनाची २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावधगिरीची आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. हा आकडा मशिनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. तो जितका कमी तितका बरा, आणि महागडी मशिने याच बाबतीत अनेकदा उजवी ठरतात. लग्नसराईत रोज सहा तास घासणाऱ्या माणसासाठी हे वॅटपेक्षा महत्त्वाचे.

पैसा उभा करायचा तर पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. १५ हजार रुपयांपर्यंतचे टूलकिट प्रोत्साहन मिळते, त्यात महागडा सँडर बसत नाही. कर्ज मात्र उपयोगाचे आहे: पाच टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत १८ महिन्यांसाठी, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी. १ लाख घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे ५,८०० रुपये बसतो. वरच्या हिशेबातली बचत २,००० ची होती हे लक्षात घेतले, तर सँडर आणि व्हॅक्यूम मिळून किती कर्ज झेपेल ते ठरवता येते. नोंदणी सीएससी केंद्रात होते, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि सरकारी नोकरी असलेल्या कुटुंबाला मिळत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या कारखान्याने पक्के बिल घ्यावे. विजेच्या हत्यारांवर १८ टक्के कर आहे, आणि कंपोझिशन योजनेत नसलेल्याला तो परत मिळवता येतो. बिलाशिवायची ‘स्वस्त’ मशीन या एका कारणाने महाग ठरू शकते.

दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी आणून देतो म्हणाला तर प्लेट वाचावी. अमेरिकेतली मशिने ११०-१२० व्होल्टची असतात, इथल्या २३० ला लावताक्षणी जळतात. आणि बाहेरून आणलेल्या मशिनीची वॉरंटी इथे मानली जाईलच असे नाही. दुरुस्तीसाठी नागपूर, म्हणजे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. म्हणून पैसे देण्याआधी डीलरला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: अधिकृत दुरुस्ती कुठे होते, पॅड आणि पेपर किती दिवसांत येतो, आणि मशीन दुरुस्तीला गेले तर बदली मशीन मिळते का. तिसऱ्याचे उत्तर बहुधा नाही असेच येईल. लग्नसराईच्या ऐन भरात एकुलते एक मशीन पंधरा दिवस नागपूरला पडून राहिले तर काय, याचा विचार करून अनेकांना एका महागड्याऐवजी मधल्या फळीतली दोन मशिने परवडतात, एक मोठ्या ऑर्बिटचे आणि एक सफाईचे.

मशीन पाहायला जाताना स्वतःच्या कामातली एक सागवानी फळी, तिच्यावर रंध्याच्या खुणा तशाच ठेवून, सोबत न्यावी. दुकानातल्या एमडीएफच्या तुकड्यावर कोणतेही मशीन छान चालते. नळी आणि व्हॅक्यूम जोडून, आपल्याकडे मिळणाराच पेपर लावून, दहा मिनिटे न थांबता चालवावे. मग फळीवर टॉर्च आडवा धरावा, आणि काळ्या कापडाने शेजारचे टेबल पुसून त्यावर किती भुकटी आली ते बघावे.